दोन वाघिणी

वनखात्याच्या हॉलमध्ये, मे महिन्यात,
कूलरच्या तोंडाशी गायधने सरांची खुर्ची.
टेबलावर प्लास्टरचे दोन पंजे,
कडा पिवळ्या पडलेल्या.
"ही वेगळी, अन् ही वेगळी," सर म्हणाले,
"तिसऱ्या बोटाची ठेवण पाहा."

मी पडद्यावर फोटो लावले.
रात्री दोन चाळीस, झाडाला बांधलेला कॅमेरा,
डाव्या कुशीवर तोच तुटका पट्टा, दोन्ही वेळा.
एकदा ओल्या गाळातून, एकदा फुफाट्यातून
एकच वाघीण चालत गेली होती.
माती बदलली, पंजा पसरला. एवढंच.

हॉलमध्ये कोणी खोकललंसुद्धा नाही.
सर पाणी प्यायले, ग्लास बरोबर
त्याच ओल्या वर्तुळावर ठेवला,
म्हणाले, "कॅमेऱ्याले जंगल समजत नाही."

मला राग यायला हवा होता.
त्याऐवजी दिसला एक माणूस, नांगराच्याही आधीचा,
कन्हानच्या वाळूत उकिडवा,
मागे सतरा उपाशी माणसं.
तो बोट दाखवतो: सांबर इकडे गेलं.
सगळे चालतात. ऊन चढतं. सांबर नाही.
आता 'चुकलं माझं' म्हणाला
तर आज रात्री शेकोटीजवळ दुसरा बसेल,
काळजाचा तुकडा दुसऱ्याच्या हातात,
आणि उद्या माग काढायला
याला कोणी हाकही मारणार नाही.
म्हणून तो म्हणतो, इथंच होतं.
वारा फिरला.
तुमच्यातलंच कोणीतरी शिंकलं.

आणि त्याला मुलं होतात.
कबूल करणाऱ्यालाही झाली असतील एखाददुसरं,
पण आपण बहुतेक शिंकेवाल्याचे.

(हे सिद्ध कसं करायचं ते मला ठाऊक नाही.
हाडं सापडतात,
सबबी सापडत नाहीत.)

बाहेर कडुनिंबाखाली स्कूटरची सीट तापलेली.
सर तिच्यावर ओला रुमाल पसरत होते.
माझ्याकडे न बघता म्हणाले,
"दोन वाघिणी होत्या म्हणून
दोन पाणवठे मंजूर झाले, बापा.
एक म्हटलं का एक बंद करतीन."
मग रुमाल पिळला, घडी केली, निघून गेले
सेमिनरी हिल्सच्या चढावर.
हे त्यांना आधी सुचलं होतं की आत्ता,
मी विचारलं नाही.

संध्याकाळी घरचा कूलर घरघरत होता.
रज्जाकभाई म्हणाले बेअरिंग.
मी म्हणाले पंप.
चार वर्षं ऐकतेय मी हा आवाज, पंपच.
त्यांनी बेअरिंग बदललं. बटण दाबलं.
वाळ्याच्या वासाचा गार झोत, आवाज गायब.

ते हात पुसत उभे.
"तरी पंप एकदा पाहून घ्या," मी म्हणाले,
"त्याच्यामुळंच गेलं असेल बेअरिंग,"
आणि खुर्ची ओढून घेतली
झोताच्या अगदी समोर.