हजेरी

नऊ वाजले, पण लुलेओला अजून उजाडलेलं नाही.
टोर्ब्यर्न शिडीवर चढून
सातवीच्या दारावरचा कॅमेरा उतरवतोय.
तीन आठवडे तो चेहरे ओळखून
माझं काम करत होता.

सह्या होत्या की पालकांच्या!
संमतीचे कागद मीच वाटले होते.
निकालात म्हटलंय :
ज्याला नाही म्हणायची सोय नाही
त्याचं हो धरू नये.

सोल्वेगने तेवढा कागद परत आणला नव्हता.
मफलर नाकापर्यंत ओढून यायची,
यंत्राच्या लेखी रोज गैरहजर.

मी वही उघडते, नाव घेते.
"हजर," म्हणते,
आणि खिडकीबाहेर बघत बसते.
कुठे, ते मी लिहीत नाही.

भिंतीत स्क्रूची चार भोकं.
एकात च्युइंगगम,
आत्ताच.