कुरकुर

पहिल्याच दिवशी रोलांदोनं माझा ओळंबा काढून घेतला.
चिडला नाही. म्हणाला, इथे हा खोटं बोलतो.
बोट एकदा पाण्यात उतरली
की खाली म्हणजे कुठे, हे कुणालाच सांगता येत नाही.

मग नाळेपासून सुकाणूपर्यंत त्यानं एक दोरी ताणली
आणि सगळं जग तिच्यापासून मोजायला लावलं:
पलंग, आरसे, मालकाच्या न्हाणीघराचा संगमरवर,
जो नुसता पापुद्रा आहे, मागे ॲल्युमिनियमचं पोळं,
कारण दगडाचं वजन समुद्राला कळतं.
सुतावरून स्वर्ग म्हणतात आमच्याकडे.
मी सुतावरून एका बिछान्याची कड गाठली,
सहा महिने लागले,
उम्म अल क्वैनच्या त्या शेडमध्ये
जिथे दुपारी पत्रा तापून एकटाच वाजतो
आणि रेझिनच्या वासापुढे चहाला चव राहत नाही.

कुडाळला बाबांनी शिकवलं होतं, आधी गुण्या लाव, मग बोल.
बोटीत गुण्याला एक कोपरा मिळेल तर शपथ.
भिंती सगळ्या पोटाशी वळलेल्या,
फळीला आधी पुठ्ठ्याचा सदरा बेतायचा,
मग करवत.
लतीफ परकार, हर्णैचा, सोफ्यांचं कातडं शिवतो.
म्हणाला, म्हणजे तूपण शिंपीच की रे.

अक्रोडाची पानं आली, एकाच झाडाची,
नंबर घातलेली, एक ते चौसष्ट.
पुस्तक उघडावं तशी समोरासमोर लावायची,
डावीकडची रेघ उजवीकडचीला ओळखते.
एकेचाळिसाव्या पानात गाठ निघाली, डोळ्याएवढी.
डिझाइनर बाईंनी पांढऱ्या मोज्यातल्या बोटानं
नुसती दाखवली.
पान गेलं.
त्यातली चार बोटांची पट्टी मी वरच्या खिशात ठेवली.
कशाला, माहीत नाही. सुताराचा खिसा असाच भरतो.

लेक फोनवर विचारते, लाटेत कपाटं उघडत नाहीत?
नाही गं. दाबल्याशिवाय खण सुटत नाही,
प्रत्येक पेल्याला त्याचा खळगा आहे,
पडेल असं काही ठेवलेलंच नाही तिथे.
मग तू बसणार का तिच्यात?
हे तिनं तीनदा विचारलं.
तिसऱ्यांदा नेटवर्क गेलं,
किंवा मी म्हणालो, गेलं.

आणि मग बसलो की.
चाचणीचा दिवस. कप्तान, दोन इंजिनवाले, रोलांदो, मी.
मी कशाला? तर कुरकुर शोधायला.
आठ वर्षांत पहिल्यांदा
कुरकुरीसाठी कुणी मला बोलावलं होतं.

खारफुटी मागे पडली,
रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ पुसट झाली,
पाणी हिरव्याचं निळं झालं म्हणे.
मी पाहिलं नाही. मी मालकाच्या खोलीत,
पायमोज्यांवर, भिंतीला कान लावून.
बावीस नॉटला गप्प.
पंचविसाला उशाशी, उजवीकडे, बारीक,
खारीनं दात घासावेत तसं.
फळी दाबली, चुंबक सुटलं, आत वायरी,
आणि दोन चौकटींमध्ये अर्धं सूत जागा.
समुद्राला बोलायला तेवढी पुरते.
नमदा धक्क्यावर राहिला होता, पेटीत.
खिशातली पट्टी निघाली. दुमडेना, मोडली.
तीन तुकडे एकावर एक, डिंक,
गाठ मधल्या तुकड्यावर.
पुन्हा पंचवीस. मग तीस.
रोलांदोनं दारातून अंगठा दाखवला.

रात्री कॅम्पमध्ये
आमची दुमजली लोखंडी खाट. वर परकार.
तो कुशीवर वळला की ती किंचाळते.
बोल्ट पाव फेरा आवळला तरी गप्प होईल,
दहा नंबरचा पाना माझ्याच पेटीत आहे.
उद्या, म्हणतो मी, रोज.
ती वाजली की कळतं, तो जागा आहे,
आणि विचारता येतं,
काय रे, झोप नाही?

हर्णैला आज वारा असणार, तो म्हणतो,
आणि पुन्हा कूस बदलतो.