स्थानिक नाव

मी मीटर वाचतो.
टिळकवाडीतली अठराशे घरं, महिन्यातून एकदा.
कुत्र्यांची नावं मला पाठ आहेत, माणसांची कमी.
भिंतीकडे मान वाकडी करून आकडे टिपताना
पाठीमागच्या झाडात काहीतरी हलायचं.
वळून बघायला मला बारा वर्षं लागली.

ते सुद्धा हुद्दार मास्तरांच्या शांभवीमुळे.
म्हणाली, काका, सगळ्या गल्ल्या फिरताच,
ढोल्या मोजाल का?
मोजायची तर हाताला सवयच.

तर आम्ही चौघं. रविवारी, दिवेलागणीला,
दुसऱ्या गेटापासून सुरुवात.
शांभवी, मी, रिटायर पोस्टमन नझीरसाब मुल्ला,
आणि कोपऱ्यावर शेवंती विकणारी बसव्वा,
जिला फॉर्म म्हणजे रेशनचा, एवढंच ठाऊक.
नझीरसाब झाडांचेही पत्ते सांगतात:
"हेरेकरांच्या कंपाउंडातला शिरीष, खालची ढोली.
पयले पोपट ऱ्हात होते. आता भाडेकरू बदललाय की."

फोनमधला फॉर्म सोपा.
किती, कुठं, किती वाजता.
शास्त्रीय नाव तो आपलं आपण भरतो.
त्याखाली एक रिकामी चौकट: स्थानिक नाव.
मी म्हटलं, पिंगळा.
बसव्वा म्हणाली, हालक्की.

या गावात एवढ्यावरून पाट्यांना डांबर फासलंय.
माझ्या मेहुण्याच्या कपाळाला सहा टाके आहेत.
आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं
आणि मग गुमान वर.
तो तिथंच होता, ढोलीच्या तोंडाशी,
मान वर-खाली करत,
जसा काही आमचंच रीडिंग घेतोय.

बसव्वानं सांगितलं,
पहाटे बुडबुडकी वाजवत येतो तो म्हणतो,
हालक्की नुडीतैती,
पाखरू बोलतंय, ऐका,
आणि घरातल्याचं पुढचं सांगतो.
मला हसूच आलं.
आईच्या गावी, बेळगुंदीला, कंदील घेऊन यायचा
त्या माणसालाही आम्ही पिंगळाच म्हणायचो.
म्हणजे दोन्ही भाषांनी, एकमेकींना न विचारता,
एकाच पाखराला तेच काम लावून दिलेलं.
शांभवीनं मधे तिरकी रेघ मारून दोन्ही लिहिली.
फॉर्मनं घेतली. त्याला काय.

सत्तावीस रविवार. एकतीस ढोल्या.
एकदा नाल्याच्या कठड्यावर मुंगूस दिसलं.
ती म्हणाली मुंगुसी, मी म्हणालो मुंगूस,
नझीरसाब चष्मा पुसून म्हणाले, कुठाय?
तोवर ते पळालंही.

मार्चात शिरीषावर तांबडा आकडा आला: ११२.
आकडा मला लगेच वाचता येतो.
रस्त्याची रुंदी, मोजणी, सही, सगळं रीतसर.
सत्तावीस रविवारांची चळत घेऊन शांभवी कचेरीत गेली.
साहेबांनी कौतुक केलं. चहा दिला.
मंगळवारी करवत चालली.
त्या दिवशी बसव्वा शेवंती घेऊन बसली नाही.

पुढच्या खेपेला मी म्हटलं,
आता तिथं कशाला थांबायचं?
शांभवी म्हणाली, शून्यही लिहायचं असतं, काका.
नाही लिहिलं तर वाटेल
बघायलाच कुणी गेलं नाही.

हे मला कळलं.
कुलूपबंद घराचं मीटरही मी वाचतो.
शून्य युनिट. पण तारीख पडते.

म्हणून बुंध्यापाशी दहा मिनिटं उभे राहतो.
वर आता आभाळ फार. आणि तारा.
गेल्या रविवारी बसव्वा एकदम म्हणाली, ऐका.
रस्त्यावर टमटमी होत्या, कुणाचा तरी कुकर,
नझीरसाबना तसंही कमीच ऐकू येतं.
मला काही ऐकू आलं नाही. खरं सांगतो.
नियम असा, ज्यानं ऐकलं त्याची नोंद.
त्यामुळे त्या दिवशीच्या दोन ओळी आहेत.

निरीक्षक मी: शून्य.
निरीक्षक बसव्वा: एक, फक्त आवाज.
स्थानिक नाव: हालक्की.
काय बोलला,
त्याला चौकट नाही.