ळ

उद्यमबागेत बुधवारी लाईट जाते,
म्हणून गुरुवारी भट्टी दुप्पट ओरडते,
आणि माझ्या टेबलावर चोवीस हेड येऊन पडतात,
अजून कोमट, कानाकोपऱ्यात वाळू.
आठ सिलिंडरच्या जुन्या फोर्ड इंजिनाच्या टोप्या.
जाणार अमेरिकेला,
मिठाच्या कोरड्या मैदानावर अजून गाड्या पळवणाऱ्या
कुण्या म्हाताऱ्यांसाठी.
माझं काम छिद्र शोधायचं.

ड्रॉइंग पहिल्यांदा आलं तेव्हा
गुंडू काकतकर चष्मा कपाळावर सारून म्हणाला होता,
"हे इंजिन आमच्या घरात ऱ्हायलंय की."

लढाई संपल्यावर कॅम्पात लिलाव झाला.
त्याच्या बापानं, लुमाण्णानं, ते बैलगाडीत घालून आणलं.
तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात, इलाख्यात दारूबंदी,
आणि अनमोड उतरलं की पोर्तुगीज,
काजूची पहिल्या धारेची.
लुमाण्णानं हेड कानशीनं घासलं, सहा रात्री,
कागदाएवढं, अजून कागदाएवढं.
कॉम्प्रेशन हा शब्द त्याला येत नव्हता.
तो म्हणायचा, गळा जरा आवळला की जोर येतो.
इंजिन तापट. घाटात तीनदा पाणी मागायचं.
पण अबकारीची जीप लोंढ्यापर्यंतच दिसायची मागं,
पुढं तिला धूळ.

"तिकडंबी आसंच," गुंडू सांगतो.
कॅम्पाच्या रद्दीत त्याला एक मासिक मिळालं होतं,
चित्रं बघून बघून इंग्रजी लागलं.
डोंगरातली माणसं, रात्री गाळलेली दारू,
पोलिसापुढं पळायला घासून घासून हलकी केलेली फोर्ड.
रविवारी धंदा बंद,
तर कुणाची जास्त पळते म्हणून नांगरटीत गोल गोल फेऱ्या.
बघायला गाव जमलं. मग दोरी बांधली. मग तिकीट.
मग कंपन्यांचे कोटवाले आले, कारण
रविवारी जिंकलेली सोमवारी खपते.
त्याच्याही आधी, म्हणे, कारखाना बुडालेल्या एकानं
स्वतः गाडीत बसून शर्यत मारली,
बघणाऱ्यांनी पैसे घातले,
आणि त्या पैशातनं पुढची सगळी कंपन्यांची रांग.

"आन् आपल्याकडं?"
गुंडू सागवानावर फुंकर मारतो.
"आपल्याकडं गाडी खानापूरच्या नाल्यात घावली.
बाप अडीच वर्सं पोर्तुगिजांच्या कोठडीत.
गेला तेव्हा मुंबई राज्य हुतं,
आला तर म्हैसूर.
घर तिथंच हुतं, बिचारं."

आज सातव्या हेडमध्ये बत्ती घातली.
पाणी खेळतं त्या पोकळीत, वळणाच्या पलीकडं,
तांदळाएवढं काहीतरी उठून आलेलं.
आधी वाटलं वाळू राहिली. मग वाचता आलं.
आठव्यातही. नवव्यातही.
तपासणीच्या कागदावर स्पष्ट आहे,
ड्रॉइंगमध्ये नाही ते मालात नको.

"मिस्त्री, हे काय?"
त्यानं पटाशी खाली ठेवली नाही.
"त्यांच्या भाषेत न्हाई ते अक्षर."
"म्हणून?"
"बोर्डावर लिवलं की भांडान. आत कोण बघायलंय?
तू बघितलीस म्हणून."
कोरशॉपमधून बाळव्वा हसली, हाताला तेल, वाळू कोपरापर्यंत:
"माझ्या नावातच हाय की ते.
ह्यो कोरतो आन् नाव ह्याचं.
वाळूत भरणार कोण? मी.
वाळूत उलटं दिसतंय बघ, लोखंडवाल्यांना कळत न्हाई."
"अॅल्युमिनियम," गुंडू म्हणाला.
"तेच."

कुठल्याशा मैदानावर मीठ उडेल,
आतलं पाणी उकळत त्या अक्षराला घासून जाईल,
आणि चालवणाऱ्याला वाटेल
की जोर त्याच्या पायात आहे.
मी चोवीसही खोल्यांत बरोबरची खूण केली.
शेरा या रकान्यात एक आडवी रेघ.

संध्याकाळी ट्रक भरला.
खोकी, खिळे, बिलं, सगळं सरळ.
गोव्याच्या बंदरात पोचायला रस्ता तोच, अनमोडचा.
नाक्यावर पोलीस येणाऱ्या गाड्या हुंगत उभे असतात.
जाणाऱ्या गाडीचा वास कुणी घेत नाही.