लेखनिक

एकतीस वर्षं प्रेसमध्ये काढली, नाशिकरोडला.
गेटवर झडती, रोजची.
चुकलेला कागद तिथून बाहेर जात नाही.
त्याचीही मोजदाद होते, सही होते,
मगच तो नष्ट.
हाताला तीच सवय.

निवृत्तीनंतर संस्थेत नाव घातलं.
खैरनार बाईंनी विचारलं, शिक्षण?
म्हटलं, दहावी.
बाई खूश. बारावीच्या अंध पोरीला
तिच्याहून कमी शिकलेलाच लेखनिक लागतो.
जन्मात पहिल्यांदा
माझी दहावी कुठेतरी पुरे पडली.

गंगापूर रोडचं केंद्र. जिन्याखालची खोली.
तेजल बागूल, इतिहासाचा पेपर.
पंखा करकरायचा, म्हणून ती मोठ्यानं सांगायची,
मोठ्यानं सांगितलं की पर्यवेक्षक दारात.

चौथ्या प्रश्नाला तिनं साल चुकवलं.
काळाराम मंदिराचा सत्याग्रह,
"एकोणीसशे बत्तीसला सुरू झाला."
तीस, पोरी, तीस.
माझे आजोबा होते त्या दाराशी,
त्यांच्या कपाळावरच्या खुणेला मी बोट लावलेलं आहे.

पेन थांबलं.
थांबलेलं तिला ऐकू आलं.
"काका, लिहिलं का?"
"लिहितोय."
बत्तीस लिहिलं. स्वच्छ अक्षरात.
तीन तास हात तिचा होता,
मी तो बसने आणून दिला होता, एवढंच.

पुढच्या आठवड्यात
रात्री दहाला फोन, सकाळी ओझर.
संस्थेचं पत्र नाही. भाडं खिशातलं.
गेटवर पाऊण तास उभा,
आत कुणा एका पोराची वीस मिनिटं कोऱ्या कागदावर गेली.

संस्थेत जाऊन बोललो.
फुकट येतो म्हणून कसंही बोलवायचं?
प्रेसमध्ये पगार होता, तरी पाळी आठवडाभर आधी कळायची.
बाई गप्प. मग वही पुढे सरकवली.
अठरा मुलं, सात लेखनिक.
एका शुक्रवारपुढे माझं नाव,
आणि लाल शाईत: फोन बंद.
भाच्याच्या घरी जागरण-गोंधळ होता.
ती मुलगी कोण, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं,
वहीत पाहिलं. विचारायचं धाडस आताही झालं नाही.

संस्थेचा छापील कागद आहे.
'स्वयंसेवकाने' या शब्दाखाली अकरा कलमं.
'संस्थेने' हा शब्दच नाही.
मी मागची कोरी बाजू घेतली.
संस्थेने पत्र आदल्या संध्याकाळी द्यावं.
गावाबाहेर पाठवलं तर भाडं.
न विचारता फोटो लावू नये.
नाही म्हणायची मुभा असावी.

"थांबा," बाई म्हणाल्या, "पुढे लिहा.
नाही म्हणायचं, तर तेही आदल्या संध्याकाळी.
आणि फोन उचलून."

लिहिलं.
त्यांनी सांगितलं तसं.