मचूळ

मे क्लाँगच्या बाजारात आई कोळंबी आणायला गेली
आणि तळाशी अडकलेली एक काडी घेऊन आली.
काडीला डोळे होते.
"कुजकं पान समजून टाकणारच होते," ती म्हणाली,
"तर त्यानं जांभई दिली."

माझ्या पोराच्या काचपेटीत तेव्हा अकरा गप्पी.
रविवारी नऊ.
बुधवारी सहा, तेव्हा आम्ही मांजरावर आळ घेतला,
झाकणावर वीट ठेवली.
शुक्रवारी वीट जागच्या जागी, मांजर उपाशी,
गप्पी एक.

तो लाकडाखाली उलटा टेकलेला, पोट वर,
जणू छत हीच त्याची जमीन.
बू जातीचा, झोपाळू म्हणतात याला.
शेवटचा गप्पी पानाला हुंगायला गेला.
पाणी जरासं दचकलं, एवढंच.
मग पान पुन्हा पान.

"खुनी आहे हा, खाडीत सोड," फानुवत रडत म्हणाला.
आईनं त्याचं ताट पुढे सरकवलं.
ताटात तळलेले दोन बांगडे,
टोपलीत मावावेत म्हणून माना मोडलेले.
तो बराच वेळ ताटाकडे बघत राहिला, मग जेवला.

एकोणतीस वर्षं आईनं मिठागरात फळी ओढली.
मी बँकॉकहून काचेचा काटा आणला, बारीक आकड्यांचा,
पाण्यात सोडला की खारटपणा सांगणारा.
ती बोट बुडवायची, जिभेला लावायची,
"भरती अजून आली नाही,"
आणि चिमूटभर, कधी मूठभर खडे.
काटाही तेच सांगायचा, जरा उशिरानं.

यंदाच्या तापात तिची चव गेली.
तिनं सांगितलं नाही.
कालवण इतकं खारट झालं की फानुवत तांब्याभर पाणी प्यायला,
आणि मी पाहिलं,
ती पेटीपाशी उभी, बोट ओलं,
हळूच लुंगीला पुसत.

काटा ती अजूनही हातात घेत नाही.
आता माशाकडे बघते.
अंग फिकं पडलं, पर मिटले, की मीठ.
रंग परतला, गर्द, शेवाळलेल्या खांबासारखा,
की म्हणते, "बघ, मिठाला जागतो."
मेलेलं तो खात नाही.
म्हणून बांबूच्या सळीला कोळंबी टोचून
ती पाण्यात हलवते, जिवंत असल्यासारखी,
तास तास.

रात्री दोनला मी कारखान्यातून येते,
अंगाला डब्यांतल्या ट्यूनाचा वास.
पेटीचा दिवा तेवढा चालू.
प्लास्टिकच्या स्टुलावर आई, मान कललेली,
काचेपलीकडे तो, उलटा.
दोघांतलं कोण जागं आहे ते कळत नाही.
मी चपला हातात घेते.
सळीच्या टोकाला कोळंबी
अजून थरथरते आहे.