खुर्दा

लँकेस्टरला नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत तिचं घर.
दारावर पाटी नाही, नुसती पितळी कडी,
आणि टपालात अजूनही येणारी पत्रं:
प्रिय श्री. आस्क्यू, महोदय.
पाच पुस्तकं झाली, तरी महोदय.
डब्ल्यू. एम. म्हणजे विनिफ्रेड,
हे प्रकाशकाने पहिल्या पुस्तकावर छापलं नाही,
तिनेही पुढे कुणाला सांगितलं नाही.
"जर्मन घोडदळावर बाई काय लिहिणार, म्हणायचे.
मी घोडदळावर लिहिलंच नाही. नालांवर लिहिलं."

मी सूचीकार. पुस्तक संपलं की मला बोलावतात,
लग्न उरकल्यावर भांडी मोजायला बोलवावं तसं.
कोण कुठल्या पानावर, एवढंच माझं काम.

तिची सुरुवात टंकलेखनिक म्हणून.
महायुद्ध संपून आठ वर्षं झालेली, ही विशीतली,
लंडनच्या एका तळघरात जप्त कागदांची खोकी:
हुकूम, हजेरीपट, पावाच्या भट्ट्यांचे हिशेब.
बाकीचे सेनापतींच्या सह्या शोधत होते.
ही वाचत बसली एका पशुवैद्याची तक्रार:
नाल हवेत बाराशे, आले चारशे,
तेही उन्हाळी, आणि इथे बर्फ.
"तेव्हा मला कळलं, हे हरणार."
मग जरा थांबून,
"हरून झाले होते म्हणा. पण मला तेव्हा कळलं."

पहिलं पुस्तक रसदीवर. दुसरं रेल्वेच्या वेळापत्रकांवर.
नाव झालं ते तिसऱ्याने. त्यात नकाशे होते
आणि नकाशांवर बाण,
काळे, शेपटाशी रुंद, टोकाला अणकुचीदार.
लष्करी शाळांतली पोरं ते पाठ करत.
एका मेजरने लिहिलं: महोदय, किती देखणी चढाई!
ते पत्र तिने फेकलं नाही,
चहाच्या डब्याखाली घडी घालून ठेवलंय,
फळीवर गंजाचा डाग पडू नये म्हणून.

आता ती ब्याण्णव वर्षांची,
आणि त्याच तिसऱ्याची नवी आवृत्ती.
मजकूर बदलता येणार नाही, प्रकाशक म्हणतो,
पानं तीच राहतील, फक्त सूची नवी.
"फक्त सूची," ती म्हणाली
आणि एक वही माझ्यापुढे सरकवली.

वहीत गावं. पेन्सिलीने, तीन लिप्यांत.
काहींपुढे घरांचा आकडा, काहींपुढे विहीर,
एकापुढे नुसतं: मधमाश्या.
"ही घाल."
"पण ही पुस्तकात नाहीत."
"नाहीत कशी? नकाशा अकरा बघ."
बघितला. बाण.
"पट्टी ठेव. रुंदी सांग."
दीड सेंटिमीटर.
"जमिनीवर?"
साडेबावीस किलोमीटर, मी म्हटलं,
आणि पट्टी उचलायची विसरलो.

काय बोलावं सुचेना, म्हणून आमच्याकडचं सांगितलं:
पानिपतची खबर दक्षिणेत पोचली ती नाण्यांच्या भाषेत.
थोर गेले ते मोती, सरदार ते मोहरा,
उरलेले सगळे खुर्दा,
ज्याचा हिशेब लागत नाही.
"खुर्दा म्हणजे?"
मी खिसा उलटा केला. बसचे सुटे, एक बटण.
तिने ते टेबलावर एकेक करून लावलं,
बटणासकट.
मोजलं. पुन्हा मोजलं.
"लागतो की," म्हणाली, आणि चहा ओतायला उठली.

तीनशे सात नोंदी झाल्या. एक राहिली,
तिचं स्पेलिंग तिला ठरवता येईना,
दोन बाजूंचे कागद दोन नावं सांगत होते.
मग प्रकाशनातल्या पोराचा फोन:
या नोंदी पानावर सापडत नाहीयेत.
म्हटलं, बाण जरा उचलून बघा.
तो हसला. मग हसायचा थांबला.

मुद्रितं आली तेव्हा मी ब काढला.
बव्हेरियन तोफखाना, पानं बरीच.
बेल्जियम, पानं त्याहून बरीच.
आणि इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने, नियमाप्रमाणे,
बरोबर त्या दोघांच्या मधोमध
मधमाश्या, पान एकशे अठ्ठ्याऐंशी.